ऑटोपायलटला झोप लागत नाही, आम्हाला लागते

माननीय महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली



मी मुंबई बेसवर एअरबस ए-३२० ची कप्तान आहे. लायसन्स, मेडिकल, सिम्युलेटरचे निकाल असा आपल्या कार्यालयाशी माझा पत्रव्यवहार एरवी इंग्रजीत आणि कंपनीमार्फत चालतो. हे पत्र मात्र मराठीत आणि उघडपणे लिहिते आहे. ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे, तिचा संबंध माझ्याइतकाच कॉकपिटच्या दारामागे बसलेल्या प्रवाशांशी आहे, आणि मुंबई, पुणे, नागपूरहून बसणारे त्यांतले पुष्कळजण हीच भाषा वाचतात.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या कार्यालयाने उड्डाण-ड्यूटीचे नियम बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. नियमातली ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत लांबली. रात्रीच्या ड्यूटीत सहा लँडिंग चालत, त्याजागी दोन आली. अंमलबजावणी लांबत गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. पुढच्याच महिन्यात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचं वेळापत्रक कोसळलं. एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली, माणसं विमानतळांवर सामानावर डोकं ठेवून झोपली. मग रात्रीच्या काही अटींतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. रजेचा दिवस साप्ताहिक विश्रांतीत धरू नये, हे कलमही सर्वांसाठी मागे घेतलं गेलं.

त्या आठवड्यात प्रवाशांचे जे हाल झाले ते मी टर्मिनलवर पाहिले आहेत, आणि आपल्यावर केवढा दबाव असेल याची मला कल्पना आहे. पण त्याच दिवसांत एक वाक्य फार कानांवर पडलं. टीव्हीवरच्या चर्चेत, विमानतळावरच्या रांगेत, सांगलीला आतेभावाच्या घरी जेवताना. ‘विमान तर ऑटोपायलटच चालवतो, मग यांना एवढी विश्रांती कशाला?’ विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण हाच विचार नियम ठरवणाऱ्यांच्या बैठकीत आकडेवारीचे कपडे घालून येतो, म्हणून त्याचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे.

माझ्यासमोरच्या मुख्य पडद्याच्या वरच्या कडेला एक अरुंद पट्टी असते. आम्ही तिला एफएमए म्हणतो. तिच्यात पाच रकाने. पहिल्यात इंजिनांची शक्ती कोण ठरवतंय ते, मग उंची कशी बदलते आहे, दिशा कशावरून घेतली आहे, लँडिंगची क्षमता किती, आणि शेवटी ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट वगैरे काय काय चालू आहे. हिरवी अक्षरं म्हणजे आत्ता चालू असलेला मोड, निळी म्हणजे पुढे येऊ घातलेला. मोड बदलला की नव्या अक्षरांभोवती पांढरी चौकट उमटते. ती दहा सेकंद राहते आणि जाते. यंत्राने आपला निर्णय कळवला, त्याचं काम संपलं. त्या दहा सेकंदांत माझी नजर तिथे असायला हवी, मी तो मोड मोठ्याने वाचायला हवा, शेजारच्याने पाहून दुजोरा द्यायला हवा, आणि दोघांनीही मनात ताडून बघायला हवं की हे आपणच मागितलं होतं का.

ऑटोपायलट टेकऑफनंतर लवकरच लागतो. तिथून पुढे माझं मुख्य काम हे वाचन आहे. हातांना काम नसतं, डोळ्यांना आणि डोक्याला असतं, आणि थकवा पहिल्यांदा तिथेच चढतो. दुपारी दोन वाजता ही वाचनं ठणठणीत ऐकू येतात. पहाटे चारच्या सुमारास आवाज खाली येतो, मग नुसती मान हलते, मग कधीतरी तीही हलत नाही. दोघंही जागे असतात, डोळे उघडे असतात, आणि पट्टीवर काय लिहिलं आहे ते दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात शिरलेलं नसतं. हे माझ्याच पिढीत घडतं असं नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर बसणाऱ्यांसाठी केलेले प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध केले. क्वचित होणाऱ्या बारीक बदलाकडे लक्ष ठेवायला बसवलेल्या माणसाची नजर पहिल्या अर्ध्या तासातच चुकायला लागते, असं त्यांना दिसलं. ती माणसं ताजीतवानी होती. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचं घड्याळच तळाशी असतं.

या पट्टीने आपल्या देशाला काय शिकवलं ते आपल्या कार्यालयाच्या दप्तरात आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचं मुंबईहून निघालेलं ए-३२० बेंगळुरूच्या धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर उतरलं. १४६ जणांपैकी ९२ गेले. भर दुपारची वेळ, स्वच्छ हवा, विमान जवळजवळ नवं, कॉकपिटमध्ये दोन कप्तान. विमान ‘ओपन डिसेंट’ या मोडमध्ये गेलं होतं. त्यात इंजिनं मंद राहतात आणि वेग सांभाळण्याचं काम विमानाच्या नाकाकडे येतं. उतरण्याचा दर ठरवायची नॉब आणि उंची ठरवायची नॉब शेजारी शेजारी असतात. एकीऐवजी दुसरी फिरली असावी, हीच शक्यता चौकशीत सर्वांत सबळ ठरली. वेग कमी होत राहिला, आणि इंजिनांना शक्ती द्यायला हवी हे दोघांच्याही वेळेत लक्षात आलं नाही. त्यानंतर देशातली सगळी ए-३२० विमानं कित्येक महिने जमिनीवर होती. मोड कोणता आहे ते ठाऊक नसलेल्या पायलटला ऑटोमेशन मदत करत नाही, हे जगात ज्यांनी सगळ्यांत आधी मोठी किंमत देऊन जाणलं त्यांत आपण आहोत.

विमान काय करतं आहे ते पायलटांना वेळेत न कळणं नंतरही पुन्हा घडलं. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकवर रात्री वेगमापकांच्या नळ्यांत बर्फ साचल्यामुळे ऑटोपायलटने अचानक पायलटांच्या हातात दिलं. साडेचार मिनिटांच्या आत ते समुद्रात होतं, २२८ माणसांसह.

आता थकव्याबद्दल. ड्यूटीला चढण्याआधी आमची श्वासाची चाचणी होते. मद्याचा अंश दिसला तर लायसन्स निलंबित होतं, आणि ते योग्यच आहे. पण ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं ढासळतं. सकाळी सातला उठलेला पायलट मध्यरात्री त्या अवस्थेला पोचतो, आणि त्याचं विमान तेव्हा कदाचित अजून पुशबॅकही झालेलं नसतं. श्वासाच्या नळीत फुंकर मारून हे दिसत नाही. ते फक्त रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात दिसतं. म्हणून रोस्टर हे आमच्या दृष्टीने सुरक्षेचं उपकरण आहे, पगाराच्या पावतीइतकं खाजगी नाही.

मंगळुरूची आठवण आपल्याला करून द्यायला नको, तरी देते. २२ मे २०१०, पहाट उलटून सहा वाजून गेलेले, दुबईहून रात्रभर उडून आलेलं विमान पठारावरच्या धावपट्टीवरून पुढे गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. रेकॉर्डरवर कप्तानांच्या घोरण्याचा आवाज होता. उड्डाणाचा बराच भाग ते झोपेत होते, आणि झोपेतून उठल्यावरची जी गुंगी असते तिचा उल्लेख चौकशीत आला. त्या उड्डाणात ऑटोपायलट नीट चालू होता. त्याने विमान दुबईहून मंगळुरूपर्यंत बिनचूक आणलं.

कोळिकोडचं सांगताना मला जास्त त्रास होतो, कारण तिथे रोस्टर थेट कॉकपिटमध्ये येऊन बसलेलं होतं. ७ ऑगस्ट २०२०, करोनाच्या काळात माणसं परत आणणारं उड्डाण, पावसात दुसऱ्या प्रयत्नाला उतरलं आणि धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत गेलं. कप्तान आणि सहवैमानिकासह २१ जण गेले. अहवालाने मुख्य कारण पायलटच्या निर्णयात शोधलं. पण त्याच अहवालात असंही आहे की दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्याच कप्तानांच्या नावावर होतं, तिथे कप्तान अपुरे होते, आणि काहीही करून कोळिकोडलाच उतरण्याची ओढ त्यातून आली. कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाकडे अहवालाने स्पष्टपणे बोट दाखवलं आहे. उद्या सकाळी कोण उडेल, हा प्रश्न वायपर बंद पडलेल्या काचेसमोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात असायला नको होता.

रोस्टर कसं तयार होतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. आता ते माणूस करत नाही, सॉफ्टवेअर करतं. उड्डाणं, विमानं, पायलट, त्यांची लायसन्सं, मेडिकलच्या तारखा असं सगळं त्यात घातलं जातं. नियमांच्या चौकटीत कमीत कमी पायलटांत जास्तीत जास्त उड्डाणं बसवणं हे त्याचं काम. म्हणजे कॉकपिटच्या आधी ऑटोमेशन तिथे आलेलं असतं, आणि त्याच्यावर नजर ठेवणारा, कॉकपिटच्या भाषेत ‘पायलट मॉनिटरिंग’, कुणी नसतो. नियमाने दिलेली कमाल मर्यादा सॉफ्टवेअरच्या दृष्टीने उद्दिष्ट होते. दोन पहाटेच्या ड्यूट्या, मग एक रिकामा दिवस, मग रात्रीची ड्यूटी. प्रत्येक बेरीज स्वतंत्रपणे नियमात बसते आणि शरीर मात्र तीन दिवसांत उलटंसुलटं होतं.

एका कंपनीत असताना स्टँडबायवर रात्री अकराला शेड्यूलिंगचा फोन आला. पहाटेच्या ड्यूटीसाठी मी चारला उठले होते, ती संपवून घरी आले, संध्याकाळी झोप लागली नाही, आणि आता मध्यरात्रीनंतरचे दोन सेक्टर. मी थकवा कळवला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. ‘मॅम, सिस्टिममध्ये लीगल आहे,’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याचा दोष नव्हता. त्याच्या पडद्यावर माझ्या नावापुढे हिरवा रंग होता आणि त्या रंगाच्या पलीकडे जाण्याचा अधिकार त्याला कुणी दिला नव्हता. मी त्या रात्री उडाले नाही. नंतर लेखी स्पष्टीकरण मागवलं गेलं. नुकताच लाइनवर आलेला, कर्ज डोक्यावर असलेला सहवैमानिक हे करू शकेल का, याचा विचार व्हावा.

मी यंत्राच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. आम्ही या व्यवसायात आलोच मुळी यंत्रांच्या प्रेमाने. मागच्या हिवाळ्यात दिल्लीच्या वाटेवर, वर सगळं शांत असताना, शेजारच्या सहवैमानिकाला मी विचारलं की पायलट व्हायचं कधी ठरवलंस. तो जळगावचा. म्हणाला, ‘मॅम, कॅप्टन व्योम.’ १९९८ मध्ये दूरदर्शनवर लागायची ती मालिका. पलंगावर उशा रचून तो यान करायचा आणि आईचा मिक्सर हे त्याचं इंजिन असायचं. माझी पिढी त्याआधीची. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं. वाचनालयात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ मिळायची. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी आपलं नाव लपवून, नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, ही गोष्ट आमच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात सांगितली होती, आणि त्यानंतर आठवडाभर आम्ही सगळ्याच विज्ञानकथा लिहीत होतो.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं त्या गोष्टींबद्दल बराच वेळ बोललो, आणि बोलता बोलता एक गोष्ट त्याच्याच लक्षात आली. ‘मॅम, स्टार ट्रेकमधल्या एंटरप्राइज यानाचा कॉम्प्युटर सगळं जाणतो, बोलतो पण. तरी समोर एवढी माणसं कशाला बसलेली असायची?’ मी त्याला १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाची गोष्ट सांगितली, त्याने तो पाहिला नव्हता. गुरूकडे निघालेलं यान, पाच अंतराळवीर. तिघं शीतनिद्रेत, दोघं जागे, बाकी सगळं हॅल नावाच्या संगणकाकडे. त्या तिघांना झोपेतच मरण येतं. जागं असलेल्या एकालाही हॅल मारतो, आणि उरलेला एकटा माणूस शेवटी हाताने संगणक बंद करतो. त्याने विचारलं, हे इतकं जुनं आहे? हो म्हटलं. मग थोडा वेळ तो गप्प होता, आणि मग म्हणाला, ‘म्हणजे झोपायला कुणाला पाठवायचं हा प्रश्न तेव्हापासून आहे.’

तो प्रश्न आता गोष्टीत राहिलेला नाही. लांबच्या उड्डाणात वरच्या टप्प्यात एकाच पायलटने बसावं आणि दुसऱ्याने तेवढ्यात झोपावं, असा प्रस्ताव युरोपात गंभीरपणे तपासला गेला. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, ईएएसएने, जून २०२५ मध्ये त्याचा अहवाल दिला: आजच्या दोन पायलटांच्या पद्धतीइतकी सुरक्षा या पद्धतीत पुरेशी सिद्ध होत नाही. थकवा, अचानक आजारपण, एकमेकांची तपासणी नसणं, अशी कारणं त्यात आहेत. पण असे प्रस्ताव एकदा नाकारल्याने संपत नाहीत. नव्या विमानांबरोबर, नव्या आकड्यांसह ते परत येतात. आपल्याकडे येतील तेव्हा ते ‘पायलटांचा तुटवडा’ या नावाने येतील. कॉकपिटमध्ये एकटा उरलेला माणूस काय करू शकतो, हे २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या विमानाने आल्प्समध्ये दाखवलं. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

यंत्र असताना दोन जागे पायलट कशाला, याचं फार चांगलं उत्तर आपल्याच नियमांत आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं. दृश्यमानता ५० मीटरवर आली तरी आम्ही उतरतो, आणि ते लँडिंग ऑटोपायलट करतो. चाकं टेकेपर्यंत सगळं तोच. यंत्र सर्वांत जास्त काम करतं ते हेच लँडिंग. आणि याच लँडिंगसाठी आपलं कार्यालय दोन्ही पायलटांकडून सर्वांत जास्त मागतं: वेगळं प्रशिक्षण, वेगळी पात्रता, कुणी काय बघायचं आणि कोणत्या क्षणी काय बोलायचं याची काटेकोर वाटणी. यंत्रावर भार टाकला की माणसाकडची मागणी वाढते, हे आपण धुक्यात मान्य केलं आहे. लिसान बेनब्रिज या ब्रिटिश संशोधिकेने १९८३ मध्ये ऑटोमेशनबद्दल मांडलेला मुद्दा हाच होता: यंत्र जितकं उत्तम, तितका त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस कसबी हवा, आणि रोजचा हात मात्र त्याचाच सुटत जातो. एकोणतीस हजार फुटांच्या वर आपल्याला हाताने उडवता येत नाही, तिथे ऑटोपायलटच उंची राखतो, आणि ते बरोबर आहे. पण खाली, दिवसा, चांगल्या हवेत, रहदारी कमी असताना हाताने उडवण्याची मोकळीक बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात असते आणि व्यवहारात नसते. उड्डाणाच्या डेटात जरासा फरक दिसला की फोन येतो, म्हणून सहवैमानिक ऑटोपायलट काढतच नाही. अमेरिकेच्या एफएएने २०१३ मध्ये कंपन्यांना हाताने उडवण्याला उत्तेजन द्यायला सांगितलं. आपणही ते लेखी, स्पष्ट शब्दांत सांगावं.

त्यापुढच्या माझ्या मागण्या थोड्याच आहेत. रात्रीच्या अटींना यापुढे सूट द्यायची वेळ आलीच, तर ती देताना थकव्याचा कोणता अभ्यास पाहिला, ते सूट देतानाच जाहीर व्हावं. ‘पुरेसे पायलट नाहीत’ हे कारण वेळापत्रक मंजूर करतानाच तपासलं जावं. हिवाळी वेळापत्रक मंजूर होताना कंपनीकडे कप्तान किती आणि सहवैमानिक किती हे आपल्या टेबलावर असतंच. ऐन वेळी बदललेली रोस्टरं वेगळी मोजली जावीत, कारण कागदावरची विश्रांती आणि मिळालेली विश्रांती यांतलं अंतर तिथेच सापडतं. थकवा कळवणाऱ्याकडून स्पष्टीकरण मागवणं थांबावं. आणि वरच्या टप्प्यात एकच पायलट ठेवण्याचा विषय आंतरराष्ट्रीय बैठकांत येईल तेव्हा भारताने आधीपासून ठरवलेली, लेखी भूमिका घेऊन जावं.

२०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना थकव्याचे अहवाल दर तिमाहीला आपल्याकडे द्यावे लागतात. पायलटांची नावं काढून ते आपल्या संकेतस्थळावर ठेवावेत, ही माझी शेवटची विनंती. कंपनीनिहाय किती पायलटांनी थकवा कळवला, त्यांतले किती स्वीकारले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, ते अहवाल कोणत्या वेळेच्या आणि कितव्या ड्यूटीचे होते, एवढे रकाने पुरेत. पुढच्या तिमाहीपासून हे सुरू करता येईल, नवा नियम लागणार नाही. तिकीट काढणाऱ्याला ते वाचता येईल, आणि पुढच्या वेळी कुणी सूट मागायला आलं की आपल्याही हाताशी ते असेल.

कळावे,
आपली विश्वासू,
मुंबई बेसवरची एक कप्तान